रडक्या पोरांची झुंबरबाई

माझा वर्ग फार शांत झाला की मला चैन पडत नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "बाई, हा वर्ग आहे की बाजार?" मी म्हटलं, "बाजारच आहे, पण गिऱ्हाईक सगळं जागं आहे." साहेबांना ते लागलं. लागू दे. ही खोड मला झुंबरबाईने लावली. तिचं नाव कुठे छापून येण्याचं काही कारण नाही, म्हणून तिच्याबद्दल मीच लिहायला बसले आहे. रोज प्रार्थनेत ज्या माणसांसाठी मी देवाचे आभार मानते त्यांत ती आहे. हे तिला कळलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. लागोपाठ पाऊस फसलेला. वांबोरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, उघड्या माळावर सरकारने खडी फोडायचं दुष्काळी काम काढलं होतं. कालपरवापर्यंत स्वतःच्या शेतात राबणारी माणसं तिथे हातोडा घेऊन ओळीने बसली होती. पोरं घरी ठेवायची कुणाजवळ? म्हणून पोरंही आली. मग त्यांच्यासाठी माळावरच शाळा भरवायचं ठरलं, आणि श्रीरामपूरच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, नुकतीच मास्तरीण झालेली मी, मरियम साळवे, तिथे हजर झाले. शाळा म्हणजे बांबूंवर ताणलेली एक ताडपत्री. शेजारी दुसरी ताडपत्री, ते पाळणाघर. तिथला सगळा कारभार झुंबरबाईच्या हातात होता.

उंच, हडकुळी, मिश्रीने दात काळे झालेले, आणि आवाज असा की खडीच्या ठणठणाटातूनही ऐकू यावा. हातोडा चालवायचं तिचं वय उरलं नव्हतं, म्हणून मुकादमाने तिला पोरं सांभाळायला बसवलं. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधून ती दिवसभर दोऱ्या ओढत असे. एक दोरी डाव्या हातात, एक उजव्या हातात, एक पायाच्या अंगठ्याला.

माझ्या शाळेत पहिल्या आठवड्यात नुसते मुलगे आले. मुली लांब उभ्या राहून बघायच्या, प्रत्येकीच्या कडेवर धाकटं भावंड. मी बोलावून दमले. मग चिडले. चिडून चिडून घसा बसला तेव्हा झुंबरबाई उठली, एकेकीच्या कडेवरचं पोर तिने उचलून घेतलं आणि म्हणाली, "जा आता बाईंकडं. मोकळ्या हातानं उभं ऱ्हायचं न्हाई हितं." दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मुलगेही होते आणि मुलीही. झुंबरबाईच्या ताडपत्रीखाली मात्र रडारड दुपटीने वाढली. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला फार झालं हे." ती म्हणाली, "रडत्यात ती बरी हायेत."

त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. एवढं दिसत होतं, की सकाळी पोर ताब्यात घेताना ती आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. अफूची बारीक बाळगोळी तेव्हा बाजारात राजरोस मिळायची. दुधात उगाळून पाजली की बाळ दिवसभर झोपे आणि आई कामाला मोकळी होई. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. झुंबरबाईला वास आला की ती त्या आईला सगळ्यांदेखत फाडून खायची. "माझ्या झोळीत गोळीचं पोर घेनार न्हाई. न्हे माघारी." बाया तिला वचकून असत. पाठीमागे तिला खाष्ट म्हणत, आणि तिला तेही ठाऊक होतं.

मुकादम आप्पासाहेबांना ही रडारड सोसत नसे. पटका, हातात छत्री, गळ्यात शिट्टी. मनाने चांगला माणूस, पण डोकं लवकर तापायचं. "आमच्या टायमाला पोरं आशी रडत न्हवती," हे ते रोज सांगायचे. झुंबरबाई रोज म्हणायची, "तुमचा टाईम तुमच्यापाशी ठिवा, आप्पा." दुपारच्या सुट्टीत मुली तिच्या ताडपत्रीच्या कडेला सागरगोटे खेळायच्या आणि तिला बोलवायच्या, "आजी, या की एक डाव." ती मान हलवायची. "माझं झालंय खेळून."

एका दुपारी नगरच्या कॉलेजातले समाजशास्त्राचे प्राध्यापक आले. उन्हाने चेहरा लाल झालेला, पण माणूस सालस. त्यांनी मला सांगितलं, की माणसाचं लहानपण पूर्वी बरं होतं की आता बरं आहे, यावर त्यांच्या विषयात मोठा वाद आहे. काही विद्वान म्हणतात, पूर्वी मुलाकडे मूल म्हणून कुणी बघतच नसे, शक्य तितक्या लवकर कामाला जुंपत. आता निदान शाळा आहे, औषध आहे. दुसरे म्हणतात, पूर्वी मूल सगळ्या गावाचं असे, मोकळं हुंदडे. आता ते कोंडलं गेलं. मी म्हटलं, "सर, हा वाद आमच्या माळावरही चालू आहे. बसा, पाणी घ्या."

आप्पासाहेब वाटच बघत होते. "आवो, आमचं लहानपन म्हंजी राज्य हुतं! नदीला पानी, डोहात दिसभर डुंबायचं. आंबं कुनाच्याबी झाडाचं पाडायचं. हुरड्याला कुनाच्याबी शेतात बसायचं, कोन हाटकत न्हवतं. आन् ही पोरं बगा. सरकारनं वाटलेली सुकडी खात्यात आन् दगडात खेळत्यात. नदी म्हंजी काय, त्येंना ठावं न्हाई. ह्याला सुधारलं म्हनायचं?" बोलता बोलता त्यांचा आवाज हळवा झाला. "मी तर रडलोच न्हाई कवा. आई कौतिकानं सांगायची, माझा आप्पा पाळन्यात ठिवला की दिस मावळंपतुर हूं की चूं न्हाई."

त्यांचं चुकत नव्हतं. समोर माळावर मुलं तापलेल्या दगडांत बसली होती, आणि माझी ताडपत्री त्यावर काही उत्तर नव्हती. शाळेमुळे माझं किती भलं झालं, या बोर्डिंगच्या गप्पा मी सांगणार होते, त्या गिळून टाकल्या.

झुंबरबाई दोऱ्या ओढतच म्हणाली, "आप्पा, तुमी डोहात डुंबत हुता तवा तुमची भन कुठं हुती?"

"घरी आसंल."

"तिच्या कडंवर काय हुतं?"

आप्पासाहेब थांबले. "सूर्यभान. आमचा धाकटा."

"मग तिला इचारा की डोह कसा हुता त्यो."

प्राध्यापक तिच्याकडे वळले. "आणि तुमचं लहानपण, आजी?"

"माझं?" ती जरा हसली. "आमची माय दिस उजाडता शेतात निंदायला जायची. भाऊ माझ्याकडं. रडका लई. कडंवर पोर आसलं की सागरगोटं खेळता येत न्हाईत, हात गुतत्यात. माय गोळी द्यायची, मंग त्यो निजायचा आन् मी पोरींत पळायची. मला गोळीचा लई आनंद व्हायचा, सर. येक दिस लई खेळले. डावामागून डाव. त्यो रडला न्हाई, कुनी हाक मारली न्हाई. सांजच्याला माय आली, पाजायला घेतला, तर..." तिने झोळीची दोरी ओढली. "तवापासनं पोर गप आसलं की मला भ्या वाटतं. आन् सागरगोटं मी हातात धरलं न्हाईत."

जाताना प्राध्यापकांनी तिला वाकून नमस्कार केला, तेव्हा ती संकोचून गेली आणि पाय लुगड्यात ओढून घेऊन बसली.

नंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. गोजरबाई म्हणून एक तरुण बाई सासूसोबत कामावर होती. तिचा भीमा आठ-नऊ महिन्यांचा, दात येत होते म्हणून आठवडाभर नुसता किरकिरत होता. कामाची खडी रोज मोजली जायची, मधे उठून पाजायला जाणारी बाई मागे पडायची, आणि आप्पासाहेबांना मधे उठलेलं खपत नसे. त्या सकाळी गोजरबाईने पोर झुंबरबाईच्या हातात दिलं. झुंबरबाईने वास घेतला. वेखंड-जायफळाचा वास आला. "गुटी दिलीया, मावशी," गोजरबाई म्हणाली. बाळगुटी सगळ्याच आया देतात, त्यात काही वाईट नाही. झुंबरबाईने भीमाला झोळीत घातलं.

त्या दिवशी मी पाढे म्हणवून घेत होते. एकदम झुंबरबाईची हाक आली, आणि ती हाक नेहमीची नव्हती. मी धावले. भीमा तिच्या मांडीवर होता. ओठावर माशी बसली होती आणि त्याला तिचं काही नव्हतं, तेच झुंबरबाईने हेरलं होतं. झुंबरबाईने गालावर चापट मारली, कान ओढला. डोळा उघडून बघितला तर बाहुली मोहरीएवढी. श्वास इतका सावकाश, की एक झाला की पुढच्याची वाट बघावी लागे.

गोजरबाई आणि तिची सासू बनुबाई पळत आल्या. झुंबरबाई म्हणाली, "कोनी दिली? खरं सांगा. मी येक शबूद बोलनार न्हाई."

"मी दिली," गोजरबाई रडतच म्हणाली. "वास येऊ न्हाई म्हनून वरनं गुटी पाजली."

बनुबाईने कपाळावर हात मारून घेतला. "आगं, मी बी दिली की! पहाटं. तुला बोलले न्हाई, तू झुंबरबाईला सांगशील म्हनून."

दोघींनी दिली होती, दोघींनी लपवली होती, आणि लपवली होती ती झुंबरबाईच्या भीतीने. हे तिला त्याच क्षणी कळलं. तिचा चेहरा मी पाहिला. पण तिने दिलेला शब्द पाळला, एक अक्षर बोलली नाही. पोर खांद्यावर टाकून उठली आणि म्हणाली, "राहुरीला न्यायचं. आत्ता."

न्यायचं कशात? बैलगाडीने पोचेपर्यंत काय राहिलं असतं! पण त्याच वेळी पाण्याचा टँकर माळावर चढत होता. दोन दिवस टँकर आला नव्हता. हंड्या-कळश्यांची रांग पार खडीच्या ढिगांपर्यंत गेली होती, पोरांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. टँकर रिकामा करायचा म्हणजे निदान तास गेला असता. ड्रायव्हर शलमोन आमच्या श्रीरामपूरचाच. त्याने रांगेपाशी टँकर थांबवला, मी धावत जाऊन सगळं सांगितलं, तसं त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रांगेकडे. त्याला ठरवता येईना.

आप्पासाहेबांनी शिट्टी फुंकली. रांगेत सगळ्यांत पुढे हंडा घेऊन ज्या बाई होत्या, त्या त्यांच्याच पत्नी, लंकाबाई. आप्पासाहेब तोंड उघडणार तोच लंकाबाईंनी आपला हंडा नळाखालून काढून बाजूला ठेवला. मग मागचीने काढला. मग तिच्या मागचीने. कुणी कुणाला सांगितलं नाही. सबंध रांग वाटेतून सरकली. लंकाबाई एवढंच म्हणाल्या, "तांब्याभर पानी घ्या पोराच्या तोंडावर माराया, आन् जावा." मला आजही माणसांचा फार राग आला की मी ती रांग आठवते.

बनुबाई मागे राहिली. केबिनमध्ये आम्ही तिघी कशाबशा मावलो. गोजरबाईला हुंदका आवरेना. झुंबरबाई सगळ्या वाटेने त्या पोराला शिव्या देत होती. "ऊठ मुडद्या, ऊठ. झोपायला आलास व्हय रे? आई बघ कशी रडतीया, तू रड की जरा. रड माझ्या राजा." तळपायावर चापट्या, तोंडावर पाण्याचा हबका, छाती चोळणं. श्वास अडकला की ती त्याला उलटा करून पाठीत थोपटायची, आणि कुठूनसा पुढचा श्वास यायचा. शलमोन येशूचं नाव घेत टँकर हाणत होता. मी काय करत होते? तांब्या धरून बसले होते. दुसरं काही माझ्याने झालं नसतं.

राहुरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोर घेतलं आणि काय दिलं ते विचारलं. गोजरबाईने दोन्ही गोळ्यांचं खरं सांगितलं. "हे सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच बोलून ते आत गेले. शलमोनला मी परत पाठवलं, माळ तहानलेला होता. आम्ही तिघी व्हरांड्यात बसलो. दुपार गेली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं.

झुंबरबाई कधी नव्हे ती हळू बोलली. "बाई, मी वास घेत बसले. आन् ह्या लपवायला शिकल्या. माझ्याच भ्यानं."

मी म्हटलं, "मावशी, माशी तुम्हालाच दिसली."

तिने मान हलवली. तिला ते पुरेसं वाटलं नसावं. तिची रिकामी बोटं मांडीवर हलत होती, दोरी ओढल्यासारखी.

दिवेलागणीला आतून आवाज आला. आधी मांजराच्या पिल्लासारखा बारीक. मग मोठा. मग असा मोठा, की आतून परिचारिकाबाई ओरडल्या, "अगं कोण आई आहे याची? घे बाई याला, कान फोडतोय!" गोजरबाई आत धावली. झुंबरबाई जागची उठली नाही. पदर तोंडात घालून रडली. मी तिच्या गळ्यात पडले आणि आम्ही दोघी, एक हिंदू म्हातारी आणि एक ख्रिस्ती मास्तरीण, त्या व्हरांड्यात पोरासारख्या रडलो.

दुसऱ्या दिवशी शलमोनच्या नव्या खेपेला आम्ही टँकरनेच परत आलो. त्या दिवशीही रांग लागलेली होती. टँकर थांबला तरी कुणी हंडा पुढे केला नाही. लंकाबाईंनी विचारलं, "रडला का?"

"लई," झुंबरबाई म्हणाली. तेवढ्यात भीमाने स्वतःच साक्ष दिली. मग सगळ्या एकदम हसायला आणि बोलायला लागल्या, आणि पाणी भरायला सुरुवात झाली.

आप्पासाहेब छत्री मिटून बाजूला उभे होते. बराच वेळ भीमाचं रडणं ऐकत राहिले. मग झुंबरबाईजवळ येऊन अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "झुंबरबाई, म्हंजी मलाबी देत आसत्याल का वो गोळी? मी रडत न्हवतो त्ये?"

झुंबरबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हनून तर आजून अर्धं झोपेत हाय तुमी."

आप्पासाहेब आधी रागावले, मग हसले, मग डोळे पुसले. पण त्या दिवसापासून ते सकाळी एकदा आणि दुपारी एकदा जास्तीची शिट्टी वाजवायला लागले. ती आयांसाठी. शिट्टी झाली की अंगावर पाजणाऱ्या बायांनी उठायचं, पोराला घ्यायचं, आणि त्यांच्या वाटची खडी दोन्हीकडच्या शेजारणींनी फोडायची. झुंबरबाईने वास घेणं बंद केलं. ती म्हणायची, "दिली आसली तर नुसतं सांगा. मी काय बी म्हननार न्हाई." सुरुवातीला एकदोघींनी सांगितलं. पुढे सांगण्यासारखं कमी कमी होत गेलं, कारण पाजायला उठता येऊ लागल्यावर गोळी हवी कुणाला?

लहानपण पूर्वी बरं होतं की आता, हे मला सांगता येणार नाही. प्राध्यापकसाहेबांच्या विद्वानांनी ते ठरवावं. त्या माळावर नदी नव्हती, आंबा नव्हता, आणि आप्पासाहेबांच्या डोहाचा मला अजून हेवा वाटतो. पण माझ्या वर्गात ज्या मुली मोकळ्या हाताने येऊन बसल्या, त्यांतली एक आज माझ्याच शाळेत मास्तरीण आहे. तिचा वर्गही बाजारच असतो. हे सगळं कुणाचं देणं आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून मी आभार मानते आणि वादात पडत नाही.

भीमा परत आल्यानंतरची एक दुपार. सुट्टी झालेली. मुली ताडपत्रीच्या कडेला सागरगोटे मांडून बसलेल्या. झोळीत भीमा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, त्याचं बघून बाकीची पोरंही. मी कानावर हात ठेवून म्हटलं, "मावशी, याला जरा उगी करा ना."

झुंबरबाईने भीमाकडे बघितलं. चेहरा लाल, मुठी वळलेल्या. मग तिने पायाच्या अंगठ्याची दोरी तशीच ठेवली, हातातल्या दोन्ही दोऱ्या सोडल्या, आणि मुलींच्या दिशेने तळवा पसरला.

"रडतुया न्हवं त्यो?" ती म्हणाली. "मंग द्या हिकडं. माझा येक डाव ऱ्हायलाय."